संक्रांतीनंतर टेकडीवर न दिसणाऱ्या मंडळींस

पुणे, ३ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

परवा १ तारखेला आपली भेट झाली. भेट म्हणजे काय, तर तुम्ही धापा टाकत आमच्या शेजारून वर गेलात आणि आम्ही बाकावर बसून तुम्हाला पाहिलं. एरवी त्या वेळी वेताळ टेकडीच्या आमच्या वाटेच्या तोंडाशी सात-आठ दुचाकी उभ्या असतात. परवा रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लागल्या होत्या आणि एक रिक्षावाले दादा थांबून विचारत होते, "आज इथं जत्रा आहे का काय?" नव्या बुटांचा करकरीत रबरी वास त्या थंडीतसुद्धा जाणवत होता.

मी कोण, ते आधी सांगते. वय ६१, बँकेतून निवृत्त, एरंडवण्यात राहते. गेली सतरा वर्षं या टेकडीवर येते. पहिला चढ संपल्यावर डाव्या हाताला जो बाक लागतो त्यावर सकाळी चार-पाच जण बसलेले तुम्ही पाहिले असतील. एक पोस्टातून निवृत्त झालेले, एक शिंपीकाम करणारे, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, आणि मी. आम्ही टेकडीचे कोणी अधिकारी नाही, पण इतकी वर्षं बसून बसून तो बाक आमच्या मालकीचा असल्यासारखे वागतो, हे कबूल करते.

आणखी एक कबुली. दर वर्षी १ जानेवारीला त्या बाकावर पैज लागते. नवीन मंडळी कधीपर्यंत टिकणार यावर. कोणी म्हणतं संक्रांत, कोणी म्हणतं २६ जानेवारी. हरणाऱ्याने खालच्या अमृततुल्यमध्ये सगळ्यांना चहा आणि क्रीमरोल द्यायचा. सतरा वर्षांत फेब्रुवारीवर पैज लावायची हिंमत कोणी केली नाही. शिंपीकाका तर संक्रांतीच्या पुढे जातच नाहीत, आणि बहुतेक वेळा तेच जिंकतात.

हे पत्र लिहायला बसले ते गेल्या वर्षीच्या एका गृहस्थांमुळे. पोपटी रंगाचे बूट, कानात इअरफोन, मनगटावर घड्याळ, रोज एकटे. नऊ दिवस आले. दहाव्या दिवशी दिसले नाहीत तेव्हा पोस्टवाल्यांनी "गेला!" म्हणून टाळी दिली. मार्चमध्ये मंडईत मेथीची जुडी निवडताना तेच गृहस्थ समोर उभे. मी विचारलं, "काय हो, टेकडी सोडली वाटतं?" म्हणाले, "नाही, ते... ऑफिस." जुडी पिशवीत टाकून दोन पावलं गेले, मग परत वळले आणि म्हणाले, "खरं सांगू का? तुम्ही लोक त्या बाकावर बसून हसायचा. मला वाटायचं माझ्यावरच हसताय."

त्यांच्यावरच हसत होतो. मी काही बोलू शकले नाही. मेथी घेतली आणि घरी आले.

तर आता तुमच्यावर हसण्याचा माझा हक्क किती, तेही ऐका. मी स्वतः तीन जानेवारींची मानकरी आहे. पहिल्या वर्षी बूट घेतले, ते पुढे घरातल्या बाईंच्या मुलीला दिले. दुसऱ्या वर्षी पहाटे पाचचा गजर लावला, तो पाच दिवस आमच्या ह्यांनी बंद केला आणि सहाव्या दिवशी मी. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून घाबरवलं, त्या भीतीवर अकरा दिवस निघाले. भीतीवर माणूस किती दिवस चालणार? भीती ओसरली की पाय थांबले.

पुढे जे झालं त्याचा जानेवारीशी काही संबंध नाही. भर पावसाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, शेजारच्या काकू टेकडीवरून उतरताना मुरमावर घसरल्या. फार लागलं नाही, पण मुलाने एकटीने जायला बंदी केली. काकू संध्याकाळी आमच्या दारात. "पाऊस संपेपर्यंत महिनाभर माझ्याबरोबर चल. उतरताना हात धरायला कोणीतरी हवं." काकूंना नाही म्हणायची सोय नव्हती, आमच्या मुलीच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी डिंकाचे लाडू केले होते. मी गेले. व्यायामासाठी नाही, हात धरायला.

मुरमाच्या उतारावर कसं उतरायचं ते मला काकूंनी शिकवलं. पाऊल सरळ टाकायचं नाही, जरा आडवं टाकायचं. गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. घाईत पावलं लांब टाकली की खडे चाकासारखे खालून निघतात. हे सांगता सांगता त्या थांबायच्या. थांबायला त्यांना काहीही पुरायचं. कुर्डूचे तुरे, सुगरणीचं अर्धवट घरटं, कुठूनतरी येणारी मोराची हाक. तेरडा फुलला होता तेव्हा मी आपली शहाणपणाने म्हटलं, "तेरड्याचा रंग तीन दिवस." काकू म्हणाल्या, "ती म्हण तोडून घरी आणलेल्या तेरड्याची. इथं बघ, अजून पंधरा दिवस असाच राहील." मी मुद्दाम मोजले. पंधराहून जास्त दिवस राहिला.

पाऊस संपला. ऑक्टोबर आला. आमच्यापैकी कोणीच "आता बंद करू" असं म्हणालं नाही.

आज काकू ८४ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे टेकडी सुटली, पण गॅलरीत बसलेल्या असतात आणि मी परत आले की वरून विचारतात, "आज काय दिसलं?" रोज विचारतात. आता "काही नाही" असं उत्तर दोन दिवस देता येतं, तिसऱ्या दिवशी लाज वाटते. म्हणून मी काहीतरी पाहून येते. रातव्याची टकटक ऐकली, खाणीच्या पाण्याकडून टिटव्या ओरडत गेल्या, कोणीतरी झाडाखाली पक्ष्यांसाठी मातीचं भांडं ठेवलंय, कालच्यापेक्षा धुकं खाली होतं. माझ्या सतरा वर्षांच्या सातत्याचं गुपित कोणी विचारलं तर हे एवढंच आहे, की वरून कोणीतरी विचारतं.

आता तुमच्याकडे वळते. तुमचं चुकतं कुठे, असं विचारलंत तर पहिली गोष्ट, महिना. १ जानेवारी ही पहाटे उठायची सवय लावायला वर्षातली बहुधा सगळ्यात वाईट तारीख असेल. पुण्यात या दिवसांत सूर्य सातच्या नंतर उगवतो. तुम्ही साडेपाचला गजर लावता, म्हणजे दीड तास आधी, काळोखात, वर्षातल्या सगळ्यात गार दिवसांत, आणि ३१ डिसेंबरच्या जागरणावर. जूनच्या सुरुवातीला हाच सूर्य सहाच्या सुमारास वर येतो आणि जाग आपोआप येते. तेव्हा थंडीत पहाटेचा हट्ट सोडा. सव्वासात-साडेसातला या. ऑफिसची घाई असेल तर संध्याकाळी या, दिवे लागायच्या आत उतरा. काळोखात तर येऊच नका, आणि एकट्या बाईने मुळीच नको. शहरातल्या टेकड्यांवर लुटीचे प्रकार झालेले आहेत. ते मनात आणून घरी बसावं असं नाही, पण उजेड आणि सोबत या दोन गोष्टी सोडू नयेत.

दुसरी गोष्ट, अंतर. वेताळ टेकडी ही शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट. तुम्ही पहिल्याच दिवशी थेट वेताळाच्या देवळापर्यंत जाता, घंटा वाजवता, फोटो काढता, वर दुसऱ्या वाटेने वळसा घालून उतरता. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या लाकडासारख्या होतात. तिसऱ्या दिवशी कमोडवरून उठताना देव आठवतो. चौथ्या दिवशी पाऊस नसला तरी तुम्हाला तो हवा असतो. मला विचाराल तर पहिला आठवडा आमच्या बाकापर्यंतच या. वीस मिनिटं. "एवढ्यावरच?" असं वाटत असतानाच परत फिरा. जेवताना अजून दोन घास खाता आले असते अशा वेळी उठावं म्हणतात ना, तसं. दुसऱ्या दिवशी भूक राहते. (छातीचं, गुडघ्यांचं काही जुनं दुखणं असेल तर चढाआधी डॉक्टरांना विचारा, हे सांगायला नको.)

तिसरी गोष्ट, ते घड्याळ. दहा हजार पावलं झाली नाहीत म्हणून बाकाभोवती गोल गोल फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. हा दहा हजाराचा आकडा कुठून आला माहीत आहे? तोक्योच्या ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव मानपोकेई, अर्थ दहा हजार पावलांचं मापक. विक्रीसाठी घेतलेला गोल आकडा. त्यावरून आपण आज सहा हजारांवर आलो म्हणून खट्टू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी जे सांगितलं ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, म्हणजे श्वास वाढावा पण बोलता यावं अशी. आठवड्याचे सहा दिवस पंचवीस मिनिटं म्हणजे झाले १५०. आमची टोळी तर बोलण्यातच इतकी पटाईत आहे की श्वास वाढला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि सवय लागायला किती दिवस? "एकवीस दिवस" म्हणून जो आकडा सगळीकडे फिरतो तो विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ माणसांना रोज करायची एक छोटी गोष्ट निवडायला सांगितली होती. त्याचे निष्कर्ष २०१० साली छापून आले. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, कोणाला १८ तर कोणाला २५४. मी कॅलेंडर घेऊन बसले. १ जानेवारीपासून १८ वा दिवस म्हणजे संक्रांत होऊन चार दिवस. ६६ वा दिवस ७ मार्च. २५४ वा दिवस ११ सप्टेंबर, गणपतीच्या आसपास. म्हणजे आमच्या बाकावरच्या सगळ्या पैजा चुकीच्या तारखांना लागतात! ज्या वेळी आम्ही "गेला!" म्हणून टाळी देतो, त्या वेळी सरासरी माणसाचं पाव अंतरही झालेलं नसतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की मधे एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की "आता मोडलंच" म्हणून सगळं सोडून देतो, उपासाच्या दिवशी चुकून शेंगदाणे सोडून फरसाण तोंडात गेल्यासारखं.

त्या अभ्यासातल्या माणसांनी आपली छोटी गोष्ट रोजच्या ठरावीक दुसऱ्या गोष्टीच्या मागे बांधली होती, न्याहारीनंतर, जेवणाआधी वगैरे. हे मला फार पटतं. माझी टेकडी दुधाच्या पिशवीला बांधलेली आहे. दूध आणायला खाली उतरायचंच असतं. आधी टेकडी, येताना दूध. टेकडी चुकवली तरी चहासाठी उतरावं लागतं, मग बूट घालूनच उतरलेलं काय वाईट.

साताऱ्याला माझं आजोळ. आजी रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायची, नऊवारीत, पायात साध्या चपला. तिला कोणी विचारलं "कुठं निघालात?" तर ती म्हणायची, "मंगळाईला जाऊन येते." किल्ल्यावर मंगळाईचं देऊळ आहे. तिच्या तोंडी चालण्याला वेगळा शब्दच नव्हता. पुण्यातही जुनी माणसं "पर्वतीला जाऊन येतो" म्हणतात. १०३ पायऱ्या चढतो, असं म्हणत नाहीत. आपण "वॉकला" जातो. वॉकला पोचायचं ठिकाण नसतं, संपवायची मिनिटं असतात. म्हणून मिनिटं मोजली जातात आणि कंटाळा येतो. साताऱ्यात आजही पहाटे किल्ल्याच्या वाटेवर माणसांची रांग दिसते. त्यातले सगळे देवभक्त असतील असं नाही. पण वर काहीतरी आहे जिथे पोचायचंय. तुम्हाला देव नको असेल तर झाड धरा. टेकडीवर गिरिपुष्पाची झाडं भरपूर आहेत, फेब्रुवारीत पानं झडून गुलाबी फुलांनी भरतात. एक झाड आपलं म्हणून ठरवा आणि रोज त्याला हात लावून परत या. वेडगळ वाटेल. आमच्या कॉलेजच्या बाई असं करतात, आणि झाडाला कळी आली की आम्हाला चहा पाजतात.

बायकांशी जरा वेगळं बोलायचंय. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीप्रमाणे भारतातली जवळपास निम्मी मोठी माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत. त्यात पुरुष ४२ टक्के आणि बायका ५७ टक्के. हे वाचून आमच्या घरी कोणीतरी म्हणालं, "बायकांना आळस जास्त." मी म्हटलं, सकाळी सहा ते आठ या वेळेत तुमच्या घरात कोण बसलेलं असतं आणि कोण उभं असतं, ते एकदा पाहा. डबा, दूध, पाणी भरणं, मुलांची बस. यातून पंचवीस मिनिटं काढायची तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी वेळातूनच येणार, आणि ती मागावी लागतात. मी मागितली. कुकर लावून निघायचे आणि ह्यांना सांगायचे, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." पहिल्या आठवड्यात एकदा पेपरात डोकं घालून बसले आणि अकरा शिट्ट्या झाल्या. डाळीची खळ झाली. मी परत येऊन काही बोलले नाही, तीच वाढली. त्यांनीही निमूट खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून तीन म्हणजे तीन. आता तर पोळ्यांची कणीक भिजवून ठेवतात. तेव्हा बायांनो, बूट घेण्याआधी घरात कुकरचं बोलून घ्या. बूट काय, कोणतेही चालतात. तळव्याला खाचा असल्या की पुरे.

मुलांना आणता तेही पाहते. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी तासभर हालचाल सांगते, हे तुम्हाला शाळेने कळवलेलं असणार. पण टेकडीवर तुम्ही त्या तासाची ड्यूटी करून टाकता. "चल, पाय उचल, किती हळू!" परवाच एक सातेक वर्षांचा मुलगा वाटेत उकिडवा बसून पांढऱ्या गारगोट्या खिशात भरत होता. काळ्या दगडाच्या पोटात असे पांढरे खडे कुठून आले, हे त्याला आईला विचारायचं होतं. आई घड्याळ बघत होती. त्याला बसू द्या हो. खिसे जड झाले तर होऊ द्या. तो ज्या वेगाने चालतोय त्या वेगानेच त्याला उद्या यावंसं वाटणार आहे. लपंडाव, सूरपारंब्या खेळताना आम्ही संध्याकाळभर धावायचो, आणि त्याला व्यायाम म्हणणारा एकही मोठा माणूस आसपास नव्हता. असता तर आम्ही पळून गेलो असतो.

आता दोन तक्रारी, कारण पत्र पुण्यातून लिहिलेलं आहे.

पहिली, मोबाइल. इअरफोन असेल तर तुमची मर्जी, पण स्पीकरवर गाणी लावून टेकडी चढू नका. तुमच्या आधी मोर बोलत होता, तुम्ही गेल्यावर दहा मिनिटं तो बोलत नाही. दुसरी, रिकाम्या बाटल्या. भरलेली बाटली वर आणता येते तर रिकामी खाली नेता येते, ती हलकी असते. ही टेकडी आपोआप राहिलेली नाही. तिच्यावरून रस्ता न्यायची आखणी झाली तेव्हा २०२३ च्या एप्रिलच्या उन्हात पुणेकर मोर्चा घेऊन उतरले होते. मीही होते, छत्री घेऊन. त्या दिवशी शेजारून चालणाऱ्या पुष्कळ जणांना मी टेकडीवर कधीच पाहिलं नव्हतं. एकाने सांगितलं, "आम्ही येत नाही, पण ती आहे हे माहीत असलेलं बरं वाटतं." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तेही चालेल. पण येऊन बघितलेलं जास्त बरं.

खाली कारल्याचा, दुधीचा, गव्हांकुराचा रस विकणारे बसतात. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण पहिल्या आठवड्यात तो रस घेऊ नका, एवढं माझं ऐका. चढ चढून आल्यावर जिभेवर कारलं ठेवलं की टेकडीची आठवण कडू राहते. चहा घ्या. रविवारी पोहे घ्या. हिशेब करणारे म्हणतील, जेवढ्या कॅलरी जाळल्या त्याहून जास्त खाल्ल्या. म्हणोत. पोह्यांसाठी आलेला माणूस पुढच्या रविवारीही येतो, कारल्यासाठी आलेला येत नाही, असा आमच्या बाकाचा सतरा वर्षांचा अनुभव आहे.

आणि आमची बाजू. त्या मेथीच्या जुडीनंतर मी बाकावर विषय काढला. पोस्टवाले आधी म्हणाले, "आपण थोडंच कोणाला अडवलंय?" अडवलं नव्हतं हे खरं. पण सतरा वर्षांत नवीन माणसाला आम्ही आपणहून "नमस्कार, कुठून येता?" असं किती वेळा विचारलं, ते आठवायला लागलो तर एका हाताची बोटं पुरली. बाकावर जागा असूनही आम्ही सरकत नसू. शिंपीकाकांनी बराच वेळ काही न बोलता मोज्यातलं कुसळ काढलं आणि म्हणाले, "मलाही पहिल्या वर्षी कोणी विचारलं नव्हतं. मी चिकट म्हणून राहिलो."

यंदा म्हणून असं ठरवलंय. बाकाचं अर्धं अंग मोकळं ठेवायचं. १५ जानेवारीपासून पुढे रोज आमच्यापैकी एक जण नवीन दिसणाऱ्याशी बोलणार, पाळी लावून. शिंपीकाकांनी पाळी घ्यायला नकार दिला, पण बूट उसवले तर शिवून देईन म्हणाले. चार दिवस दिसला नाहीत तर विचारपूस होईल. त्यासाठी नंबर द्यायचा की नाही ते तुमच्यावर. ज्यांना माणसं नकोत, शांत चालायचंय, त्यांनी नुसती मान हलवून पुढे जावं. आम्ही हसणार नाही. निदान तुम्ही वळणाआड जाईपर्यंत नाही.

मी सव्वासातला बाकावर असते. या दिवसांत गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि कुसळं मोज्यांत अशी घुसतात की चालताना सुया टोचाव्यात. नवीन माणसं ती घरी जाऊन काढतात आणि मोजे फेकून देतात. बाकावर बसून काढायची असतात, बोलता बोलता. एक-एक, बुडाकडून धरून, ज्या दिशेने घुसलं त्याच दिशेने पुढे ओढून. उलटं ओढलं की तुटतं आणि टोक आत राहतं. माझ्याकडे एक जुनी चिमटी आहे, ती पर्समध्ये असतेच.

आपली,
डाव्या हाताच्या बाकावरची एक

ता. क. पैज काही बंद झालेली नाही. यंदा पहिल्यांदाच कोणीतरी ७ मार्चवर लावली आहे, आणि क्रीमरोल आता महाग झालेत, तेव्हा जरा बघा.